दुसरीच्या किल्ल्या

फार जुनी गोष्ट आहे. हजला निघालेलं माणूस तेव्हा कफनाचं कापड गाठोड्यात बांधूनच घराबाहेर पडायचं, आणि ते परत येईल की नाही हे फक्त अल्लाहलाच ठाऊक असायचं. लहानग्यांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. आणि लहानग्यांना झोपवायच्या निमित्ताने कान देऊन बसणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठी जरा जास्तच आहे.

एका उघड्या माळावर एक गाव होतं. घाटावरून बंदराकडे जाणारी वाट त्या गावाच्या वेशीवरून जायची. वेशीबाहेर एक मोठी चिंच होती आणि चिंचेखाली सबील. सबील म्हणजे आल्यागेल्याला फुकट पाणी मिळण्याची जागा. वाळूत अर्धे रोवलेले मोठमोठे रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट, वर लाकडी झाकण आणि साखळीला बांधलेला पितळी पेला. या गावानंतर दिवसभर चाललं तरी दुसरं पाणी लागत नसे. त्यामुळे वाटसरूचा जीव त्या रांजणांवर असायचा.

ही सबील ज्यांनी बांधली ते गृहस्थ वारले होते. त्यांची विधवा ती चालवायची. तिला दोन मुलगे आणि दोन सुना होत्या. थोरल्या सुनेचं नाव जैतून, धाकटीचं सफूरा.

एका वर्षी सासूने हजला जायचं ठरवलं. सोबत थोरला मुलगा जाणार होता. निघण्याआधी तिने रिवाजाप्रमाणे घरोघर जाऊन कळत नकळत झालेल्या चुकांची माफी मागितली, लोकांनी ठेवायला दिलेल्या वस्तू परत केल्या, आणि मग दोन्ही सुनांना समोर बसवलं.

"मुलींनो," ती म्हणाली, "अल्लाहने आपली अमानत, आपली ठेव, आधी आभाळाला दाखवली, जमिनीला दाखवली, डोंगरांना दाखवली. डोंगरसुद्धा घाबरले. नको म्हणाले, पेलवणार नाही. माणूस म्हणाला, मी उचलतो. तेव्हापासून आपण या जमिनीवर आहोत. इथलं काहीच आपलं नाही. सांभाळायचं आणि विचारलं की हिशेब द्यायचा, एवढंच. इबादत म्हणतात ती हीच."

मग तिने कमरेचा किल्ल्यांचा झुबका काढला. घराची कोठी, त्यातलं धान्य, तूप, गूळ, खजूर, सगळं त्या किल्ल्यांत होतं.

"कोठी सफूराकडे," ती म्हणाली. "सबील जैतूनकडे."

खरं सांगायचं तर डोंगराची गोष्ट जैतूनने ऐकलीच नव्हती. तिचे डोळे पहिल्यापासून किल्ल्यांवर होते. किल्ल्या सासूच्या हातातून सफूराच्या हातात गेल्या, आणि तो आवाज जैतूनच्या कानात जो जाऊन बसला तो उठायलाच तयार होईना.

सासू गेली. चार घरं सोडून राहणारी चांदबी विहिरीवर भेटली. चांदबीला दुसऱ्याच्या घरातली चूल आपल्या घरातून दिसायची.

"काय गं जैतून, थोरलीच्या डोक्यावर घागर आणि धाकटीच्या कमरेला किल्ल्या?" ती म्हणाली. "उलटा जमाना आला बाई."

"अम्मींनी दिलं ते दिलं," जैतून म्हणाली.

"हो तर. त्यांचं चुकलं असं कोण म्हणतंय? मी आपली विचारते. तुला बरं वाटतंय ना?"

जैतूनला बरं वाटत नव्हतं. आधी वाटत होतं तेवढंही आता वाटेना.

सुरुवातीला तिने काम चोख केलं. रागात माणूस काम चोखच करतं. सूर्य वर यायच्या आत ती रांजण काथ्याने आणि राखेने घासायची, पाणी फडक्यातून गाळून भरायची, गोणपाट भिजवायची. वाटसरू यायचे. घोड्यावरचे, पायी चालणारे, लेकुरवाळ्या बाया. पाणी प्यायले की ते हात वर करून म्हणायचे, "या पाण्याच्या मालकिणीला अल्लाह जन्नतचं पाणी पाजो."

पण जैतून तेव्हा मनात मोजत असायची, की सफूराने सकाळपासून कोठी किती वेळा उघडली.

घरात तिने आपला मुसल्ला, म्हणजे नमाजेची चटई, हलवला. आधी ती ओसरीत नमाज पढायची. आता आतल्या सोप्यात पढू लागली. तिथे किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड केलं की कोठीचं दार बरोबर उजव्या हाताला यायचं. नमाजेच्या शेवटी सलाम फिरवतात ना, आधी उजवीकडे, मग डावीकडे, तसा तीही फिरवायची. फक्त तिचा उजवीकडचा सलाम फार लांबायचा. दार उघडं आहे का, कुणी आलंय का, पदराखाली काही आहे का, एवढं सगळं पाहून झालं की मग मान डावीकडे वळायची. डावीकडचा सलाम बिचारा उरकला जायचा.

पुढे तिने नमाजेनंतर तस्बीह धरायला सुरुवात केली. मण्यांमागून मणी सरकत राहायचे आणि ती तिथेच बसून राहायची. शेजारपाजारी म्हणायचे, जैतून किती दीनदार झाली. दुपार टळली तरी मुसल्ल्यावरून उठत नाही. ती उठत नव्हती हे खरंच होतं.

सफूरा काही परी नव्हती. ती वेंधळी होती, जिभेचे लाड करणारी होती आणि खजूर काढायला गेली की एक तोंडात टाकूनच बाहेर यायची. एकदा तिच्या हातून तुपाची बरणी फुटली. ती तिथेच बसून रडू लागली.

"अगं अगं, लागलं का कुठे?" जैतून धावत आली.

"नाही भाभी, पण तूप! अम्मींना मी काय सांगू?"

"होतं गं असं," जैतून म्हणाली. "मी आहे ना, सांगेन मी बरोबर."

आणि तिच्या काळजात असा गार वारा सुटला, की तिच्या रांजणांच्या पाण्याने कुठल्या वाटसरूच्या काळजात सुटला नसेल.

त्या दिवसापासून जैतूनला एक काम मिळालं. सासू आली की काय काय सांगायचं, ते ती मनात जमवू लागली. फुटलेली बरणी. उंदराने कुरतडलेली ज्वारीची पोती. ईदेला माहेरच्यांच्या पानात जरा जास्तच वाढलेलं तूप. लोणच्याला आलेली बुरशी. चालता चालता, भाकरी थापता थापता ती ते पुन्हा पुन्हा घोळवायची. लहान मुलं अरबी मुळाक्षरांचा कायदा पाठ करतात तसं.

हिवाळा सरला. ऊन चढू लागलं. सबीलीवर आता दोन खेपा जास्त घालाव्या लागणार होत्या. पण त्याच वेळेला सफूरा कोठीतून दुपारचं सामान काढायची. जैतूनने विचार केला, एवढ्या उन्हात कोण येतंय वाटेवर? संध्याकाळी भरू.

संध्याकाळी सफूराची बहीण आली. बहिणीला निघताना काय बांधून दिलं जातंय हे बघायला नको? सबील दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर उरलेल्या पाण्यात किडे वळवळत होते. जैतूनने ते ओतून दिलं. घाण पाणी पाजणं गुनाह आहे, ती स्वतःलाच म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. मग घागर कमरेवर घेऊन ती विहिरीकडे वळली, तर चांदबी समोरून येत होती.

"तुझी जाऊ कोठी उघडी टाकून गच्चीवर गेलीय बघ," चांदबी म्हणाली. "मी आपलं सांगितलं."

जैतून घागर तिथेच ठेवून घराकडे धावली.

असं एक दिवस झालं की मग दुसऱ्या दिवशी लाज कमी वाटते. तिसऱ्या दिवशी आठवणही कमी येते. सबीलीवरचं गोणपाट वाळून कडक झालं. साखळी तापू लागली. वाटेवरून लोक जात होते की नव्हते, हे बघायला जैतून तिथे नव्हतीच. गावाची विहीर दुसऱ्या टोकाला होती, वाटेवरून न दिसणारी. वाटसरू झाकण उचलायचे, आत बघायचे, झाकण ठेवायचे आणि ओठांवरून जीभ फिरवत पुढे चालू लागायचे. गावाला पत्ता लागला नाही. सबीलीवर जैतून आहे, ती एवढी नमाजी बाई, मग बघायचं काय?

एके दिवशी दुपारच्या आधी एक मेंढपाळ ओरडत आला, "हाजी आले! बंदराच्या वाटेने येतायत!"

गाव हललं. हजहून येणाऱ्याला वेशीवर भेटायचं, त्याने घराचा उंबरा ओलांडायच्या आत त्याच्याकडून आपल्यासाठी दुआ मागून घ्यायची, असा तिथे रिवाज होता. शिवाय हाजी मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी आणतात. थेंब थेंब का होईना, ते घरोघर वाटलं जातं. बायकांनी वाट्या घेतल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या घेतल्या.

जैतूनने तोंड धुतलं, ठेवणीतली ओढणी घेतली आणि सगळ्यांच्या आधी निघाली. सासूला आधी आपण गाठायचं होतं. वाटभर तिचे ओठ हलत होते. बरणी, पोती, तूप, लोणचं. बरणी, पोती, तूप, लोणचं.

चिंच दिसली तेव्हा तिचे ओठ थांबले.

सासू सबीलीपाशीच बसली होती. तिच्या मांडीवर एका परक्या म्हातारीचं डोकं होतं. ती तिच्यासोबत परतलेली कुठल्यातरी लांबच्या गावची हाजिन होती. तिचे डोळे पांढरे झाले होते, ओठ फुटले होते. सासू एका चामडी बुधलीतून तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होती. ते झमझम होतं. समुद्रावरून, वाळवंटातून, आजारपणातून जपून आणलेलं, गावातल्या प्रत्येक घरासाठी आणलेलं.

जैतूनचा नवरा रांजणाचं झाकण हातात धरून उभा होता. रांजणाच्या तळाशी एक वाळलेली पाल होती.

"पाणी कुठाय?" त्याने विचारलं. तो ओरडला नाही. कित्येक महिन्यांनी बायको दिसली होती, आणि पहिलं वाक्य हे.

"आत्ता... आत्ता आणते," जैतून म्हणाली.

मागून सफूरा धापा टाकत आली. कमरेवर घागर होती. गच्चीवरून कुणीतरी आडवं पडलेलं दिसलं, म्हणून ती भरली घागर घेऊनच पळत सुटली होती. जैतूनने ती घागर तिच्या हातून हिसकावली आणि रांजणात ओतली. निदान रांजण भरलेला दिसावा! पण रिकामा रांजण उन्हात तडकतो, हे कुंभाराच्या घरात न जन्मलेल्या लेकरालाही सांगावं लागत नाही. भेगेतून पाणी निघालं आणि वाळूत गेलं.

"भाभी, अहो तिला पाजा ना!" सफूरा ओरडली. घागरीत तळाला राहिलेलं पाणी तिनेच ओंजळीत घेतलं आणि म्हातारीच्या तोंडाला लावलं. मग लोक आले, आणखी घागरी आल्या. म्हातारीने डोळे उघडले. जीव वाचला.

बुधली मात्र रिकामी झाली होती. बायकांनी आपापल्या वाट्या पदराखाली घेतल्या.

सासू उठली नाही. घराकडेही निघाली नाही. म्हणाली, "उंबरा ओलांडायच्या आधी मी ठेवलेली अमानत परत घेते. जैतून, तू थोरली. तू सांग."

जैतूनला वाटलं, अजून सावरता येईल. तिने सांगायला सुरुवात केली. तुपाची बरणी कशी फुटली. पोती कुठल्या कोपऱ्यात कुरतडली. ईदेला कुणाच्या पानात किती तूप गेलं. लोणच्याला बुरशी कशी आली. सफूराची बहीण आली तेव्हा गाठोड्यात काय बांधलं. ती एकदाही अडखळली नाही. पाठांतर पक्कं होतं.

सासूने सगळं ऐकून घेतलं.

"सफूराचा हिशेब तू फार छान दिलास," ती म्हणाली. "तिलाही इतका छान देता आला नसता. आता तुझा दे."

इतक्या महिन्यांचं जैतूनकडे स्वतःचं सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. ती रांजणांकडे बघू लागली, जणू तेच काही सांगतील.

"सफूरा, तुला काही सांगायचंय?"

सफूराचं नाक लाल झालं होतं. "भाभींनी सांगितलं ते सगळं खरंय अम्मी. खजूर सांगायचे राहिले फक्त. तेही मी खाल्ले." मग ती जैतूनकडे वळली. "आणि एक आहे. मला भाभींचा हेवा वाटायचा."

"माझा?" जैतून म्हणाली.

"मग कुणाचा? तुमच्याकडे वाटसरू यायचे, हात वर करून दुआ द्यायचे. माझ्याकडे उंदीर यायचे. मला वाटायचं, अम्मींनी अब्बांच्या नावची सबील तुम्हाला दिली आणि मला ज्वारीची पोती. त्या रागात मी इकडे फिरकलेच नाही. एकदा जरी येऊन झाकण उचललं असतं..." तिने पदराने नाक पुसलं.

चांदबी गर्दीत मागे उभी होती. ती आणखी मागे सरकली.

जैतून खाली बसली. ठेवणीतली ओढणी वाळूत पडली. "अम्मी," ती म्हणाली, "माफ करा मला."

"मी केलं," सासू म्हणाली. "माझं असं होतं किती? पण पोरी, बंद्याचा, माणसाचा, हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो. अल्लाह आपला हक्क सोडून देईल, तहानलेल्याचा नाही सोडणार. इथून कोण कोण कोरडं गेलं? कुठल्या गावचं? लेकरू कडेवर होतं का? तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. त्यांची माफी तू कुठे जाऊन मागशील?"

सासू उठली, उंबरा ओलांडायच्या आधी तिने सगळ्यांसाठी दुआ मागितली, आणि जैतूनसाठी जरा जास्त मागितली.

नंतर सासूने किल्ल्या कुणाला दिल्या, हे विचारू नका. जैतूनने विचारलं नाही. तिने नवे रांजण आणवले आणि चिंचेखालीच बसू लागली. नमाजही तिथेच पढायची. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती पेला द्यायची आणि विचारायची, "याआधी कधी या वाटेने गेला होतात का?"

बहुतेक जण नाही म्हणायचे. काही जण म्हणायचे, हो, हिवाळ्यात, पाणी फार गार होतं. काहींना वाटायचं बाईचं डोकं फिरलंय. ती ऐकून घ्यायची. मधूनच घराकडून सफूराच्या हसण्याचा आवाज यायचा, खमंग काहीतरी तळल्याचा वास यायचा, आणि जैतूनची मान तिकडे वळायची. मान आहे, वळणारच. पण हातातली घागर तिरकी व्हायची नाही.

पुष्कळ दिवस असे गेले. मग एका उन्हाळ्यात एक पिंजारी आला. खांद्यावर धनुकली, अंगभर कापूस, दाढी कुठली आणि कापूस कुठला हे कळू नये असा. त्याने पेला एका दमात रिकामा केला.

"याआधी कधी या वाटेने गेला होतात का?" जैतूनने विचारलं.

"गेलो होतो तर! अशाच उन्हात. ठणठणीत कोरडं होतं इथे."

जैतूनच्या हातातून साखळी सुटली.

"मग?"

"मग काय? शिव्या घातल्या."

"कुणाला?"

"ज्याचं हे काम होतं त्याला. पुढच्या गावापर्यंत घालत गेलो. त्याच जोरावर पोचलो म्हणा ना! नाहीतर वाटेतच आडवा झालो असतो."

"ती मी होते," जैतून म्हणाली. "माझंच काम होतं. मी दुसरीकडे बघत बसले होते. मला माफ करा."

पिंजाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बाई हात जोडून उभी होती. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं, असं त्याला वाटलं असेल. किंवा वाटलं नसेल, कारण ती तहान त्याची होती.

"केलं माफ," तो म्हणाला. "पण आणखी एक पेला द्या."

तिने दिला. तो पिऊन, सलाम करून गेला. एकाचं देणं फिटलं. बाकीचे कोण, कुठले, येतील की नाही, याचा पत्ता नव्हता. जैतूनने ओढणी डोक्यावर नीट घेतली, रांजणात डोकावून पाहिलं आणि घागर उचलून विहिरीकडे निघाली.

मुलांनो, मोठ्यांनो, जाताजाता एवढंच ध्यानात ठेवा: माणसाला जमिनीवर पाठवलं ते दुसऱ्याच्या वाट्याला काय आलं हे बघायला नव्हे, आपल्या वाट्याची अमानत सांभाळायला, आणि शेवटी विचारणा होते ती आपल्याच अमानतीची.